2 इंच लिफ्ट घेऊनही टायर घासतात : चुकीच्या सल्ल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या लिफ्ट किटसोबत मिळालेला चुकीचा सल्ला व त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

गाडी 2 इंच उंच करणारे आपले लिफ्ट किट माझ्या एसयूव्हीला बसवून तीन महिने झाले. या तीन महिन्यांत मी एकदाही निर्धास्तपणे स्टेअरिंग पूर्ण वळवलेले नाही. वळवले की पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र आवाज येतो, आणि मागे बसलेला माझा मुलगा दर वेळी विचारतो, "आई, काय तुटलं?"

किट घेण्याआधी मी आपल्या सल्लागारांशी फोनवर बोलले होते. नंतर तोच प्रश्न ईमेलने लेखीही विचारला. गाडीला 265/70 आर17 टायर आहेत (रुंदी 265 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 17 इंची), रिम तेच ठेवून 285/70 आर17 घालायचे आहेत. तर नुसते स्पेसर (मूळ स्प्रिंगला उंची देणारे तुकडे) घेऊ की स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा पूर्ण सेट, आणि किती इंचांचा? उत्तर एका ओळीत आले : "पूर्ण सेट घ्या, 2 इंच, 285 आरामात बसतात." मी विश्वास ठेवला.

स्प्रिंग आणि शॉक चांगले आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खराब रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षा शांत चालते. माझी तक्रार "आरामात बसतात" या दोन शब्दांबद्दल आहे.

गेल्या आठवड्यात मी पुढच्या चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर आणि त्यामागच्या पत्र्याच्या कडेवर खडूने जाड पट्टे ओढले. स्टेअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवून गाडी हळूहळू मागेपुढे केली. सपाट जमिनीवरच मागच्या खालच्या कोपऱ्यातला खडू पुसला गेला. मग एक चाक उंचवट्यावर चढवून तेच केले. तेव्हा वरचाही वीतभर पट्टा गेला आणि लायनरवर रबराची काळी कमान उमटली. फोटो जोडले आहेत.

याचे कारण आपल्या तंत्रज्ञांना माहीत नसेल असे मला वाटत नाही. गाडी उभी असताना लिफ्टमुळे टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा वाढते, हे खरे. पण खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की चाक बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा ठोकळा) अडवेपर्यंत वर येतेच, आणि माझ्या गाडीचे बंप स्टॉप होते तिथेच आहेत. म्हणजे चाक पूर्वी जिथवर जात होते, तिथवरच आजही जाते. फरक इतकाच की टायरचा व्यास सुमारे 803 मिलिमीटरवरून 831 झाला आहे, म्हणजे त्रिज्या 14 मिलिमीटरने वाढली, आणि रुंदी दोन्ही बाजूंना 10-10 मिलिमीटरने वाढली. वळवलेल्या चाकाच्या मागच्या कोपऱ्याचा तर उंचीशी फारसा संबंधच नाही. तिथे टायर कुठून फिरणार हे रिमचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) ठरवतात. आपल्याकडून मला यांतले काहीही विचारले गेले नाही. (नव्या टायरवर स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी साधारण 103.5 ने धावत असते, हेही मी स्वतःच हिशोब करून काढले.)

अलाइनमेंटचीही तीच गत. तीन वेळा करून घेतले. मूळ अप्पर आर्मवर, म्हणजे चाकाला वरून धरणाऱ्या दांड्यावर, कास्टर (गाडी सरळ ठेवणारा कोन) किमान मर्यादेपर्यंतही येत नाही, असे मेकॅनिकने रिपोर्टवर लिहून दिले आहे. वेगात गाडी सरळ रेषा धरत नाही, सतत हात घट्ट ठेवावे लागतात. चाक पूर्ण खाली लोंबकळले की अप्पर आर्म स्प्रिंगला टेकतो. तिथला रंग उडून लोखंड दिसते आहे. आणि पुढच्या एक्सलचा कोन इतका वाढला की उजवीकडच्या सांध्यावरचा रबरी बूट घडीवरच फाटला. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले म्हणून ते लक्षात तरी आले. लांबच्या प्रवासात कळले असते तर सांधाच गेला असता.

फोन केल्यावर मला सांगण्यात आले की थोडे घासणे नॉर्मल आहे, लायनर गरम करून आत दाबा आणि पत्र्याचा कोपरा कापून घ्या. हे विकण्याआधी सांगायचे असते. कापाकापी करावी लागेल हे माहीत असते तर मी 275/70 घेतले असते किंवा मूळ मापावरच थांबले असते. तो निर्णय घ्यायचा हक्क माझा होता.

आपण या किटसोबत चालणारे अप्पर आर्म आणि योग्य लांबीचे बंप स्टॉप विनामूल्य द्यावेत, आणि फाटलेला बूट व तिन्ही अलाइनमेंटचा खर्च भरून द्यावा. एवढे करूनही 285 घासत असतील, तर किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. शिवाय आपल्या माहितीपत्रकात या किटसमोर नुसते "285 बसतात" असे छापले आहे. तिथे कोणत्या ऑफसेटवर आणि काय काय बदलून बसतात, ते लिहावे. पुढचा ग्राहकही तीच ओळ वाचून टायर घेणार आहे.

सध्या मी जुने 265 परत चढवले आहेत. नवे चारही टायर गॅरेजमध्ये पडून आहेत, डाव्या पुढच्याची कड सोललेली आहे. आपल्या माणसाने येऊन गाडी बघावी, खडू मी तयार ठेवते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

सोबत : खरेदीची पावती, ईमेलची प्रत, अलाइनमेंटचे तीन रिपोर्ट, फोटो.

आपली,
एक ग्राहक