युरिस्थिअसचा निकाल आपण का मानायचा?

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. मनगटाचं प्लास्टर निघालं, बोटं अजून आखडतात पण पेन धरता येतंय, हे वाचून जीव भांड्यात पडला. काकूंना नमस्कार सांग, आणि फिजिओथेरपीचे व्यायाम टाळू नकोस.

आता मुद्द्याचं. तू 'हेडीस' हा व्हिडिओ गेम संपवलास. पाताळाच्या राजाच्या पोराला, झॅग्रिअसला, बापाच्या पाताळातून पार आईपर्यंत, पर्सेफनीपर्यंत नेलंस, त्याची गोष्ट शेवटाला पोचवलीस. आणि लिहितोस काय, तर 'गॉड मोड (मार कमी लागायची सोय) लावला होता, त्यामुळे धरायचं नाही. ऑफिसातली पोरंही तेच म्हणाली.' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. इतकं चुकीचं आहे ते, की फोनवर सांगून माझं समाधान झालं नसतं.

'धरायचं नाही' हे म्हणणारा माणूस ग्रीक पुराणात आहे आणि त्याचं नाव युरिस्थिअस. हेराक्लिसची (म्हणजे आपल्या हर्क्युलिसची) कथा तुला ठाऊक आहेच. झ्यूसच्या बायकोने, हेराने त्याला वेड लावलं, त्या वेडात त्याने स्वतःची मुलं मारली, शुद्धीवर आल्यावर डेल्फीला गेला. तिथल्या देववाणीने सांगितलं, युरिस्थिअस राजाची चाकरी कर, तो सांगेल ती कामं कर. अपोलोडोरसच्या नावावरच्या पुराणसंग्रहात ही कामं आधी दहाच ठरलेली असतात. बारा का झाली, ते बघ.

दुसरं काम लर्नाच्या दलदलीतल्या हायड्राचं. तिला नऊ डोकी, मधलं अमर. हेराक्लिसने पेटते बाण मारून तिला बिळाबाहेर काढलं, धरलं, आणि सोट्याने डोकी फोडायला सुरुवात केली. एक फुटलं की त्या जागी दोन उगवत. त्यात ती त्याच्या पायाला विळखा घालून बसली, आणि वर एक भलामोठा खेकडा येऊन पायाला चावायला लागला. त्याने खेकडा मारला आणि मग आपल्या पुतण्याला, आयोलॉसला हाक मारली. आयोलॉसने जवळच्या रानाला आग लावली, जळती लाकडं आणली, आणि काका डोकं उडवेल तशी मानेची जखम डागत गेला. डागलेल्या जागी पुन्हा काही उगवेना. उरलेलं अमर डोकं तोडून हेराक्लिसने पुरलं आणि वर मोठा धोंडा ठेवला.

एवढं करून आल्यावर युरिस्थिअस म्हणाला, हे धरायचं नाही, पुतण्याने मदत केली. पुढे ऑगिअसचे गोठे साफ झाले, तेही धरले नाहीत, कारण हेराक्लिसने मजुरी ठरवली होती. म्हणून आणखी दोन कामं गळ्यात पडली: हेस्परिडिस अप्सरांची सफरचंदं आणि पाताळातला कुत्रा सर्बरस.

आणि हा निकाल देणारा माणूस कोण, हेही लक्षात घे. नेमियाचा सिंह मारल्याचं ऐकून त्याची अशी गाळण उडाली, की त्याने जमिनीत पितळी रांजण पुरून घेतला लपायला. हेराक्लिसला शहराच्या वेशीच्या आत येऊ देईना, हुकूम दूताकरवी पाठवायचा. हायड्रा त्याने पाहिलीसुद्धा नव्हती.

ग्रीकांनी त्याचं ऐकलं का? ऑलिंपियाला झ्यूसच्या देवळावर, साधारण इ.स.पू. ४६० च्या सुमाराला, हेराक्लिसच्या पराक्रमांच्या बारा शिल्पपट्ट्या बसवल्या. त्यात हायड्रा आहे, गोठेही आहेत. युरिस्थिअसने खोडलेली दोन्ही कामं सगळ्या ग्रीसच्या डोळ्यांसमोर दगडात कोरून ठेवली.

या पट्ट्यांचे फोटो मी पुन्हापुन्हा काढून बघतो. पहिल्या पट्टीत सिंह मरून पडलाय. हेराक्लिसला अजून दाढीही फुटलेली नाही. एक पाय सिंहावर, कोपर गुडघ्यावर, गाल तळहातावर. विजयाचा आव कुठेच नाही, पोरगा नुसता दमलाय. अथीना देवी शेजारी उभी राहून त्याच्याकडे बघतेय. सफरचंदांच्या पट्टीत तो ॲटलासच्या जागी आभाळ पेलून उभा आहे, आता दाढीवाला बाप्या झालाय, खांद्यावर उशी दुमडून घेतलीय. आणि मागे अथीना एक हात वर करून त्या ओझ्याला आधार देतेय. अगदी सहज, काही विशेष करत नसल्यासारखा. बारापैकी चार पट्ट्यांत ती आहे. शिल्पकाराला तिला वगळता आलं असतं. पण ती सोबत होती म्हणून हेराक्लिस उणा ठरतो, असं त्याला वाटलेलं दिसत नाही.

पर्सिअसचं सगळं सामानच मागून आणलेलं, थीसिअसला चक्रव्यूहात आरिआड्नीचा दोरा, जेसनला मिडियाची जादू. मदत नाकारणारा एक आठवतो, ट्रॉयच्या युद्धातला अजॅक्स. सोफोक्लिसच्या नाटकात तो बापाला सांगतो, देवांच्या साथीने कुणीही ऐरागैरा जिंकेल, मी त्यांच्यावाचून जिंकेन. लढाईत अथीना पाठीशी आली, तर तिलाही म्हणाला, तू दुसऱ्यांजवळ जाऊन उभी राहा. शेवटी स्वतःच्याच तलवारीवर पडून त्याने जीव दिला, ते तुला माहीत आहे. ते नाटक वाचताना मला त्याचा राग येत नाही, पोटात तुटतं. एवढा मोठा योद्धा, आणि कुणाला हाक मारायची सोयच त्याने स्वतःला ठेवली नाही.

आता तुझ्या गेमकडे ये. 'हेडीस' २०२० मध्ये पूर्ण होऊन आला. तो बनवणाऱ्या सुपरजायंटच्या लोकांनी ही पुराणं नीट पचवली आहेत, असं माझं ठाम मत आहे. झॅग्रिअस राजपुत्र असला तरी एकटा नाही. दर फेरीत ऑलिंपसवरून वरदानं येतात: अथीनाची ढाल, झ्यूसची वीज, पोसायडनच्या लाटा. अकिलीसने त्याला शस्त्र धरायला शिकवलंय. पाताळातल्या टार्टरसमध्ये कायम धोंडा ढकलायची शिक्षा झालेला सिसिफस भेटतो, स्वतःचा धोंडा बाजूला ठेवून याला जखमेवर उपाय नाहीतर चार नाणी देतो. ॲस्फोडेलच्या लाव्ह्यात तीच लर्नाची हायड्रा हाडांची होऊन बसलीय, मुख्य डोक्याला मार लागेनासा होतो आणि बाजूंनी दुसरी डोकी वर येतात. तिथे अथीनाची मदत घेतलेली चालते, आणि गॉड मोड घेतलेला चालत नाही? हा न्याय कुठला?

शिवाय गॉड मोड करतो काय? सुरुवातीला मार २० टक्के कमी लागतो, आणि मेलास की दर वेळी २ टक्क्यांनी ही सवलत वाढते, जास्तीत जास्त ८० पर्यंत. म्हणजे तुला मिळालेली सूट तू मरून मिळवलेली आहेस. तुझ्याऐवजी तो मोड डॅश (झटकन बाजूला झेप) मारत नाही, थीसिअसचा भाला कुठून येतोय ते बघत नाही, मिनोटॉर धावून आला की बाजूला होत नाही. ते तू केलंस, त्या मनगटानिशी. आणि गेम त्याबद्दल एकही संवाद, एकही प्रसंग तुझ्यापासून राखून ठेवत नाही.

अवघड गेम सोपे करा, असं माझं म्हणणं नाही, हे तुला माहीत आहे. 'सेकिरो' २०१९ मध्ये आला तेव्हा सोपा पर्याय हवा की नको यावर केवढं रान उठलं होतं, आणि त्या गेमचा जीव त्याच्या कठीणपणात आहे असं मी तेव्हाही म्हणत होतो. पण कठीण म्हणजे कुणासाठी कठीण, हेही विचारायला हवं. मला जो बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) जेमतेम पेलतो, तो आखडलेल्या बोटांना तोच राहत नाही.

आणि तो गेम बनवणारे मियाझाकीच बघ. 'डीमन्स सोल्स'मध्ये अनोळखी खेळाडूंनी एकमेकांना मदत करायची कल्पना त्यांना कशी सुचली, ते त्यांनी मुलाखतीत सांगितलंय. बर्फ पडलेल्या चढावर त्यांच्या पुढची गाडी अडकली, मागच्याही सगळ्या थांबल्या, चाकं घसरायला लागली. मग मागची गाडी पुढच्याला टेकून ढकलायला लागली, आणि अशी सगळी रांग वर चढली. मदत करणारे नंतर आपापल्या वाटेने गेले, आभार मानायलाही कुणी भेटलं नाही. जगातल्या सगळ्यात कठीण म्हणवल्या जाणाऱ्या गेम्सच्या मुळाशी हा चढ आहे. ऑफिसातल्या पोरांना हे जरूर सांग.

एक शेवटची गोष्ट, मग माझ्या कामाकडे येतो. ग्रीकांत म्हण होती की दोघांशी हेराक्लिससुद्धा लढू शकत नाही, हायड्रा आणि खेकडा मिळून दोन होतात म्हणून. सॉक्रेटिस विष घेणार त्या दिवशी तुरुंगात आत्म्याच्या अमरत्वावर वाद चाललाय, दोन शंका एकदम उभ्या राहिल्या आहेत. सॉक्रेटिस आपल्या शिष्याच्या, फीडोच्या केसांशी खेळत त्याला लढायला सांगतो, तेव्हा फीडो ही म्हण काढतो. सॉक्रेटिस म्हणतो, मग उजेड आहे तोवर मला आयोलॉस समजून हाक मार. फीडो म्हणतो, मारतो, पण हेराक्लिसने आयोलॉसला मारावी तशी नाही, आयोलॉसने हेराक्लिसला मारावी तशी.

तर मी तुला हाक मारतोय. 'डार्क सोल्स रीमास्टर्ड' या गेममध्ये ॲनॉर लाँडोला ऑर्नस्टीन आणि स्मॉ या जोडगोळीपाशी मी अडकून पडलोय. एकाच्या मागे लागावं तर दुसरा पाठीत हातोडा घालतो. गेममधल्या सोलेअर या साथीदाराला बोलावून पाहिलं, तो बिचारा जीव तोडून लढतो, पण मला तू हवा आहेस. डॉक्टर इतकं दमवणारं खेळायला परवानगी देतील तेव्हाच, त्याआधी नाही. मी मानवी रूपात धुक्याच्या दाराबाहेर थांबतो, तू तिथे पांढरी खूण काढ, म्हणजे मला तुला बोलावता येईल. दोघांचा पासवर्ड एकच लागेल, तो व्हॉट्सॲपवर पाठवतो.

तुझा,
अनिकेत