सई, लॅपटॉप हप्त्यांवर नको

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू बॅग भरून झोपलीस. जेवताना विषय निघाला, बाबा उठून गेले, मग तूही ताट सरकवलंस. बोलायचं राहिलं ते राहिलंच, म्हणून लिहितेय. उद्या हॉस्टेलवर पोचलीस की तो एक लाख अठरा हजारांचा लॅपटॉप पुन्हा समोर येईल. "महिन्याला पाच हजारच तर आहेत, आई," असं म्हणालीस तू. ते काही डोक्यातून जात नाही.

हप्त्यांबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय. आधी लॅपटॉपचंच.

तुला चांगला लॅपटॉप लागणार हे मला मान्य आहे, बाबांनाही आहे. आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंग बोर्डावर निघालं, आता रेव्हिट, स्केचअप ही इमारतीचे आराखडे काढायची सॉफ्टवेअर, पुढे रेंडरिंग, म्हणजे इमारत खरी दिसेल असं चित्र. सीनियरने दिलेला तुझा कागद घेऊन मी ओंकारदादाकडे बसले आणि एकेक शब्द समजून घेतला. रेव्हिट मॅकवर थेट चालत नाही, त्याला विंडोजच लागते. तेव्हा मनवासारखं मॅकबुक हवं हा हट्ट तिथेच संपतो. रॅम १६ जीबीच्या खाली नको, आणि दुकानदाराला विचार की ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे की काढता येते. एक स्लॉट रिकामा असेल तर चौथ्या वर्षात ३२ करता येईल, आज पैसे घालायची गरज नाही. फाइली साठवायची एसएसडी ५१२ जीबीची, शिवाय दुसरी बसवायची जागा.

ग्राफिक्स कार्ड वेगळं हवंच, त्यात काटकसर करू नकोस. पण आरटीएक्स ४०५० हे नाव वाचून थांबू नकोस. तेच कार्ड कुणी ३५ वॅटवर चालवतं, कुणी ११५ वर, आणि कामात खूप फरक पडतो. खोक्यावर नाव ठळक असतं, वॅट शोधावे लागतात. स्क्रीनच्या रकान्यात "४५ टक्के एनटीएससी" दिसलं तर पुढे बघ. त्यावर रंग फिके दिसतात. तू विटेचा रंग तासभर जुळवणार आणि छापलेल्या शीटवर तो भलताच येणार. १०० टक्के एसआरजीबी असलेला, म्हणजे रंग नीट दाखवणारा माग. ओंकारदादाने शोधलं तर हे सगळं ऐंशी हजारांच्या आत बसतंय. वरच्या अडतीस हजारांत मिळतं काय? १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा स्क्रीन, आणखी मोठं कार्ड, दिव्यांचा कीबोर्ड. ते खेळणाऱ्यांसाठी आहे गं. तुझ्या कामाला ६० हर्ट्झ पुरतात.

आणि त्या अडतीस हजारांसाठीच तर हप्ते. बघ, आलंच शेवटी.

"नो कॉस्ट", म्हणजे बिनव्याजी हप्ते म्हणतात त्याला. सई, मी पतपेढीच्या वसुलीत आयुष्य काढलंय. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरात बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रोसेसिंग फीत लपवून गिऱ्हाइकाकडूनच घेतलं जातं. आता व्याज लावतात आणि तेवढीच सूट दिली म्हणून दाखवतात. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुझ्याच माथी, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोखीने घेणाऱ्याला जे कमी करून मिळतं ते तुला मिळत नाही. एक हप्ता चुकला की सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, नोंद. तुझ्या पॅनवर, विसाव्या वर्षी. तू म्हणतेस शिकवण्या घेऊन फेडीन. सबमिशनच्या आठवड्यात तू जेवत नाहीस, शिकवण्या कधी घेणार? लोकमान्यनगरच्या त्या बाई आठवतात का तुला, आपल्या दारात येऊन बसलेल्या? मुलाच्या मोबाइलचे हप्ते होते ते. आणि अण्णाकाकांच्या हप्त्यांचं तर मी काय सांगू, तू लहान होतीस, पण बाबा आज का उठून गेले ते तुला कळायला हवं.

पुरे. भाषण झालं. रागावू नकोस. तुला समजत नाही असं मला अजिबात वाटत नाही, हे खरंच मनापासून लिहितेय.

तुला आठवतं का, २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि सगळ्या सोसायटीत गणपतीच्या मखराचं काय करायचं यावर चर्चा चालली होती? तू पुठ्ठा आणलास, कंपासने कमानी आखल्यास, आणि प्रत्येक खांबाची उंची पट्टीने मोजून मगच कापलीस. मामा म्हणाला होता, ही बांधकामात जाणार. आम्ही हसलो होतो. मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या दहा नंबरवर लेडीज डब्यात शिरताना पाहिलं तुला, एका हातात शीट्सची नळी उंच धरलेली, दुसऱ्या हातात मॉडेल, आणि गर्दीतल्या दोन बायकांनी आपणहून जागा करून दिली. मी फलाटावर गाडी सुटेपर्यंत उभी होते. पतपेढीत पोचल्यावर सगळ्यांना सांगितलं, माझी मुलगी आर्किटेक्ट होतेय.

म्हणूनच वजनाचंही बघ. गेमिंगचे लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास जातात, त्यांचा चार्जर अर्धा किलोच्या पुढे. आणि बॅटरीवर त्यांचं कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही, म्हणजे चार्जर रोज खांद्यावर. तुझा उजवा खांदा आधीच दुखतो. दर शनिवारी ट्रान्स हार्बरच्या लोकलने उभं राहून यायचं आहे. दुकानात नुसतं बघू नकोस, बॅगेत घालून खांद्याला लावून बघ, दुकानदार काहीही म्हणो. बॅग पावसाचं कव्हर असलेलीच घे.

सॉफ्टवेअरसाठी कुणाला पैसे देऊ नकोस. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि रेव्हिट फुकट देते, वर्षाने पुन्हा नोंद करावी लागते. चोरीची कॉपी टाकून देणाऱ्याकडे तर जाऊच नकोस.

पैशांचं असं आहे. माझी आरडी दसऱ्याच्या सुमारास सुटते. त्यात ऐंशी हजार होतात, बाबा पाच घालतील, ते तुला बोलणार नाहीत पण मला म्हणालेत. तोवर कॉलेजच्या लॅबवर भागव आणि शनिवार-रविवार घरचा डेस्कटॉप आहेच, त्यात रॅम वाढवून घेऊ. पैसे हातात आले की आपण तिघं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊ, दोन-तीन दुकानांत भाव काढू आणि एकरकमी देऊ. वॉरंटीत पडझड धरलेली असेल तर त्याचे जादा पैसे मी वेगळे देईन. हॉस्टेलच्या टेबलांवर चहा सांडतोच.

दसरा लांब वाटेल तुला. मनवा आधीच रेंडर काढत असेल, तू मागे पडलीस असं वाटेल, मला कळतं ते. त्याच वेळी कुणीतरी फोनवर फॉर्म उघडून देईल आणि म्हणेल, इथे नुसता ओटीपी टाक. टाकू नकोस. आधी मला फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. मी उचलीन आणि ओरडणार नाही.

डब्यात चकल्या आहेत, रूममधल्या मुलींनाही दे.

तुझी,
आई