ग्रीको-रोमनला पटाची सवय नडते

संपादक महोदय,

ग्रीको-रोमन, म्हणजे कंबरेखाली पकड आणि पायांचे डाव बंद असलेल्या कुस्तीतल्या मिहाइन लोपेझच्या पाच ऑलिंपिक सुवर्णपदकांवरील लेखात त्याच्या यशाचे श्रेय धिप्पाड देहाला दिले आहे. १३० किलो गटात धिप्पाड कोण नसतो? २००४ साली अथेन्सहून हा क्युबन मल्ल रिकाम्या हाताने परतला होता. पुढे बीजिंग ते पॅरिस सलग पाच सुवर्णपदके. शेवटचे ४१व्या वर्षी, आणि मग निवृत्तीची खूण म्हणून मॅटच्या मधोमध बूट काढून ठेवले. इतकी वर्षे त्याला तारले ते काखेतल्या हातांच्या झटापटीने आणि पार तेरने. संथ खेळणाऱ्याला पंच पालथे घालतात, ती ही अवस्था.

पार तेरमधला हुकमी डाव म्हणजे आपला भारंदाज. छाती विरोधकाच्या पाठीला चिकटवून शेवटच्या बरगडीखाली हातांचे कुलूप घालायचे. कुलूप वर गेले तर बरगड्यांवरून निसटते, खाली गेले तर कंबरेखालची पकड म्हणून बाद. नवखा पोरगा हातांनी ओढत बसतो आणि दमतो. आधी आपली कंबर त्याच्या कंबरेखाली सरकवायची, मग डोके टेकवून ब्रिजवर, म्हणजे अंगाच्या कमानीवर, पलटायचे. एका पलटीला २ गुण. पकड न सोडता चार पलट्या मारल्या की ८, आणि ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांच्या आघाडीवर कुस्ती संपते (फ्रीस्टाइलला १० लागतात).

आता मुंबईकडे पाहू. फ्रीस्टाइलच्या निवड चाचणीत हरलेल्या पोराला ऐनवेळी ग्रीको-रोमनमध्ये उतरवण्याची खोड अजून गेलेली नाही. एकेरी पट, दुहेरी पट (विरोधकाचा एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणे), कलाजंग, टांग, पायांचे सगळेच डाव तिथे बंद. धोबीपछाड चालतो, पण पाय आडवा न घालता. पटाच्या सवयीने पोरगा वाकून उभा राहतो, मान खाली. समोरचा ती मान दाबून त्याला पुढे ओढतो. पालथा पडल्यावर पोरगा कोपरांवर छाती उचलतो आणि कुलपाला आपणच वाट देतो. पोट मॅटला आणि हात फाकलेले, एवढे तरी जमायला हवे. पायाने अडवायला गेला तर ताकीद, वर विरोधकाला गुण.

२०२०च्या आशियाई अजिंक्यपद कुस्ती स्पर्धेत सुनील कुमारने ८७ किलोत सुवर्ण जिंकले, ते भारताला या प्रकारात २७ वर्षांनी मिळाले. मुंबईतल्या पोरांना वाट हवी असेल तर लालबाग-परळच्या वस्तादांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याचे दोन दिवस कंबरेखालचा हात बंद करावा. ताठ उभे राहून काखेत हात घालण्याच्या तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे पार तेर, आळीपाळीने वर आणि खाली. भारंदाज दोन्ही बाजूंनी घोटून घ्यावा. एकाच बाजूला फिरवणारा मल्ल दुसऱ्या लढतीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालेला असतो.

– एक कुस्ती मार्गदर्शक, परळ, मुंबई