खुले पत्र : हिरड्यांना ऊन लागत नाही, मंत्रिमहोदय

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी दुर्मिळ आजार दिनी आपण फीत कापून दुर्मिळ आजारांचा कक्ष सुरू केलात. ‘एकही रुग्ण परत जाणार नाही,’ असं म्हणालात. मंगळवारी मी परत आलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “पेशंट कुठंय?” म्हटलं, मीच. तर म्हणे इथे अठराच्या आतलेच. माझं वय ४४. चुकलंच माझं, लहानपणीच आजारी पडायला हवं होतं.

मला अ‍ॅडिसनचा आजार आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण पेलायला लागणारं संप्रेरक, बनवेनाशा होतात. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली हे सगळं लिहून ठेवलंय. तिथून माझ्या केसपेपरवर यायला त्याला वाट सापडली नाही. सहा वर्षं गेली. वजन १४ किलोंनी उतरलं, उभं राहिलं की अंधारी, मीठ चिमटीनं नुसतं खायचो. हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळवंडल्या. एक डॉक्टर म्हणाले, उन्हात फिरू नका. हिरड्यांना ऊन कुठून लागतं, साहेब? दुसऱ्यांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, “घरात काही कटकटी?” तेव्हा नव्हत्या, नंतर झाल्या.

शेवटी शुद्ध हरपली, तेव्हा एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं ओठ उचलून पाहिले. सकाळी रक्त घेऊन कॉर्टिसॉल तपासलं, संशय पक्का झाला. आता रोज हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचीच गोळी, ताप आला की दुप्पट. एवढंच होतं!

मागणं छोटं आहे. कक्षाची वयाची अट काढा. आणि अपघात विभागात आमचं आजाराची नोंद असलेलं कार्ड पाहताच हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यावं, रिपोर्टची वाट पाहू नये, असा लेखी आदेश काढा. मागच्या खेपेला माझं कार्ड तिघांनी वाचलं, चौथ्यानं गूगल केलं, तोवर रक्तदाब पार खाली.

पण कुणाकुणाला सांगू? दुर्मिळ आजार सहा-सात हजार, जगात तीस कोटी माणसं म्हणतात, आणि विम्याच्या अर्जात, रजेच्या अर्जात, दाखल्याच्या अर्जात आम्हा सगळ्यांना एकच चौकट : ‘इतर’. परीक्षेला येत नाही ते डॉक्टर वाचत नाहीत, मतांत मोजलं जात नाही ते तुम्ही वाचत नाही.

कक्षानं परत केलेला अर्ज सोबत जोडतोय. कोपऱ्यात लाल शाईचा शेरा आहे : ‘वय बसत नाही.’

आपला,
‘इतर’पैकी एक