गाणी नाहीत

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "माळा आवरायला घेतलाय. तुझे सहा खोके आहेत, काय करू त्यांचं?" मी "बघते" म्हणून विषय टाळला, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर आपलं बोलणं तीन वाटांनी जातं आणि मुद्दा राहतो, म्हणून हे पत्र.

पहिल्या तीन खोक्यांत माझ्या सिनेमांच्या पार्श्वसंगीताच्या सीडींच्या रिकाम्या डब्या आहेत, त्या खुशाल टाका. डबीत मधोमध प्लास्टिकचे बारीक दात असतात, ते तुटले की सीडी आत खुळखुळते आणि मी डबी बदलते. जुनी टाकवत नाही, एवढंच. चौथ्यातली मासिकं रद्दीत द्या. नको, थांबा, ती मी आल्यावर बघेन. पाचवा आणि सहावा खोका मात्र जागचा हलवायचा नाही.

आई, तू नेहमी विचारतेस, एकाच सिनेमाच्या दोन-दोन सीडी कशाला? 'सायको'चंच घे. 1960 साली बर्नार्ड हरमनने त्याचं पार्श्वसंगीत नुसत्या तंतुवाद्यांवर केलं. दिग्दर्शक हिचकॉकला न्हाणीघरातल्या खुनाच्या वेळी संगीतच नको होतं. हरमनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने आपला शब्द मागे घेतला. लोकांना तेवढ्या किंचाळ्याच आठवतात. मला विचाराल तर खरी दहशत आहे ती सुरुवातीच्या धावत्या तुकड्यात, पडद्यावर अजून काहीच घडलेलं नसताना. 1975 मध्ये हरमनने हे सगळं लंडनमध्ये स्वतः पुन्हा वाजवून घेतलं, पण लय सिनेमातल्यापेक्षा संथ. त्याच डिसेंबरात 'टॅक्सी ड्रायव्हर'चं ध्वनिमुद्रण संपवून तो झोपला तो उठलाच नाही. मग 1997 मध्ये जोएल मॅकनीली या संगीतकाराने तेच संगीत नव्याने केलं, ते माझ्या कानाला सिनेमाच्या जास्त जवळचं वाटतं. आता यातली कुठली टाकू? म्हाताऱ्या हरमनची टाकवत नाही आणि मॅकनीलीची टाकली तर धाव जाते.

आणि बाबा, ज्या सीडीला तुम्ही "सिनेमात नसलेलं सिनेमाचं संगीत" म्हणून हसता, तिची गोष्ट ऐका. '2001: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं होतं. 1968 मध्ये तो सिनेमा बघायला गेला तर आपला एकही सूर त्यात नाही! दिग्दर्शक क्युब्रिकने ध्वनिमुद्रिकांवरचं तयार पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतच ठेवून दिलं होतं. नॉर्थ 1991 मध्ये गेला. 1993 मध्ये त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथ याने ते संगीत वाद्यवृंद घेऊन नव्याने मुद्रित केलं, आणि नॉर्थने स्वतः वाजवून घेतलेल्या मूळ फिती 2007 मध्ये सीडीवर आल्या, 3,000 प्रती. त्यातली एक पाचव्या खोक्यात आहे. सिनेमात क्युब्रिकचंच बरोबर होतं असं मला वाटतं, पण म्हणून नॉर्थचं ऐकायचं नाही की काय?

अशा सीडींच्या प्रती एकूणच कमी का, तर अमेरिकेत मुद्रित झालेलं जुनं संगीत पुन्हा काढायचं म्हणजे वादकांना नव्याने मानधन द्यावं लागतं, आणि घेणारे आम्ही मूठभर. हजार, तीन हजार, संपलं. त्यामुळे अशा सीडींची नवी यादी निघते त्या दिवशी मी गजर लावून उठते. तुमचे जावई कूस बदलून म्हणतात, "परत कोणी मेलेला माणूस सापडला का?" मी उत्तर देत नाही.

एरवीचा दिवस साधाच. बसमध्ये कानात पाठलागाचं संगीत असेल तर सिग्नलसुद्धा संशयास्पद वाटतो. संध्याकाळी मी तुकड्यांना क्रमांक घालत बसते. '3एम2' म्हणजे तिसऱ्या रिळातला दुसरा तुकडा. सीडीवर बरेचदा क्रम ऐकायला बरा लागेल असा फिरवलेला असतो; मी तो परत सिनेमाप्रमाणे लावते. सिनेमागृहात श्रेयनामावली संपेपर्यंत मी उठत नाही. वाद्यवृंदाची मांडणी कोणी केली ते नाव अगदी शेवटी येतं आणि तोवर झाडूवाले आलेले असतात.

हे वेड कुठून आलं, असं बाबांनी एकदा चारचौघांत विचारलं होतं. तेव्हा मी नुसती हसले. तुमच्याकडूनच आलं. रात्रीचे सिनेमे तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बघायचात आणि मला आत झोपायला पाठवायचात. चित्र मला दिसायचं नाही, बोलणं भिंतीतून पुसट यायचं, पण व्हायोलिनं आणि ढोल नीट यायचे. दार उघडलंय की खून झालाय, रडणं आहे की लग्न, हे मी अंथरुणातून ओळखायचे. सकाळी आईला विचारून खात्री करायचे. बरेचदा लग्न चुकायचं.

पुढे एकदा हट्ट करून टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून एक अख्खा सिनेमा टेप केला, ती कॅसेट सहाव्या खोक्यात आहे. ऐन उत्कंठेच्या जागी बाबा खोकतात, मग आईचं "शू!" येतं. त्याच संगीताची स्वच्छ, संपूर्ण सीडी मी कित्येक वर्षांनी मिळवली, आणि त्या जागी मला खोकला नाही म्हणून चुकल्यासारखं झालं.

ती कॅसेट जुन्या यंत्रात लावून बघू नका, फीत गुंडाळली जाईल. तिच्या मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले प्लास्टिकचे तुकडे मी लहानपणीच मोडून ठेवलेत, म्हणजे वर काही टेप होऊ नये. तसं करावं लागलं, कारण आईने एकदा ती थोडी ऐकून वर निळ्या पेनाने लिहिलं होतं, "गाणी नाहीत. पुन्हा वापरता येईल."

मी पुढच्या महिन्यात येते आहे. तोवर बाबांनी स्टुलावर चढू नये. कानाचं यंत्र मात्र रोज लावा, मी येताना चांगले हेडफोन आणणार आहे, आणि आईचं "शू!" तुम्हाला ऐकवायचं आहे.

तुमची,
धाकटी