चिनूच्या लॅब्राडॉरबद्दल

विक्रोळी, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय सुलू,

तुझा निरोप मिळाला. चिनूची दहावी झाली की तिला लॅब्राडॉरचं पिल्लू घ्यायचंय, "मुंबईत चांगलं कुठे मिळेल?" अगं, नेमकं मलाच विचारलंस! गेले दोन महिने मी एका प्राणी संस्थेकडून गावठी पिल्लू दत्तक घेण्यापायी जेवढ्या प्रश्नांना उत्तरं दिलीत, तेवढी लग्न ठरतानाही दिली नव्हती.

घर स्वतःचं की भाड्याचं? खिडक्यांना जाळी आहे? दिवसभर घरी कोण असतं? गावी गेलात तर कुत्रं कुठे ठेवणार? मग एका रविवारी संस्थेच्या दोघीजणी घर बघायला आल्या. एकीने गॅलरीच्या गजांमधून मूठ घालून बघितली, दुसरीने सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुम्हाला चालेल ना, की सुनेचा हट्ट?" त्या गेल्यावर सासूबाई म्हणतात, "मुलगी बघायला आल्या होत्या की काय?"

आणि एवढं करून नकार! का, तर आमचा अकरा महिन्यांचा करार. मालकाने घर सोडायला सांगितलं की कुत्रं रस्त्यावर येतं म्हणे. मी चार दिवस धुसफुसत होते. शेवटी मालकाकडून लेखी परवानगी आणली, तेव्हा कुठे पिल्लू हातात आलं. त्यातही लिहून दिलंय की सहा महिन्यांचं झालं की नसबंदी करीन, आणि सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कुणाला न देता त्यांच्याकडेच परत नेईन.

त्याच महिन्यात धाकट्या भाऊजींनी हस्की आणला. मुंबईच्या घामट हवेत बर्फातला हस्की! स्टेशनबाहेर एक माणूस खोक्यात घेऊन आला, मोबाइलवर पैसे घेतले आणि गेला. जेमतेम महिन्याचं पिल्लू. घर कुठे, कोण सांभाळणार, एक शब्द विचारला नाही. पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली. पार्वो, कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग. तीन दिवस सलाईनवर होतं, मग गेलं. त्या माणसाचा फोन बंद. पुतणी अजून त्या खोक्याला हात लावू देत नाही.

मग मी शोधाशोध केली. २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, कुत्रीची वीण अठरा महिन्यांआधी आणि आठ वर्षांनंतर घ्यायची नाही, वर्षात एकदाच, आणि जन्मभरात पाचच वेळा. कागदावर सगळं चोख. पण ज्या १९६० च्या कायद्याखाली हे नियम आलेत, त्यात प्राण्याला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. चार वडापावही धड येत नाहीत! मार्च २०२४ मध्ये सरकारने कुत्र्यांच्या २३ 'हिंस्र' जातींवर बंदीचं पत्रक काढलं, ते कर्नाटक हायकोर्टाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं. मला विचारशील तर जातींच्या मागे लागण्यापेक्षा तो खोकेवाला धरा.

पण संस्थेच्या त्या प्रश्नावलीवरही माझा राग आहेच. लालबागच्या आत्याच्या चाळीतला राजा कुत्रा आठवतो? आज एका घरची चपाती, उद्या दुसऱ्या घरची. रेबीजच्या इंजेक्शनला पोरं वर्गणी काढायची. तो म्हातारा होऊन जिन्याखाली मेला तेव्हा अख्खी चाळ रडली. त्या फॉर्मवर ती चाळ नापास झाली असती. हे मी संस्थेच्या बाईंना ऐकवलंसुद्धा. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, दिलेली पिल्लं लोक पावसाळ्यात आणून सोडतात. तीच आम्ही पुन्हा उचलतो." मग मी काय बोलणार?

तर लॅब्राडॉरच हवा असेल तर असं कर. नोंदणीचा कागद आधी माग. घरी जाऊन पिल्लाची आई बघ. आई दाखवायला कां-कूं केली, तर तिथून उठ. आठ आठवडे झाल्याशिवाय आणू नकोस, लसीचं कार्ड आणि पावती घे. शिवाय मोठे लॅब्राडॉरही दत्तक मिळतात गं. माणसं परदेशी जातात नि कुत्रं मागे ठेवतात. चिनूला मोठं चालेल का, विचारून बघ.

आमच्या बाईसाहेबांचं नाव चटणी. सासूबाईंच्या दोन चपला खाऊन झाल्यात, तिसरी फळीवर ठेवलीय. आणि ज्यांना विचारलं होतं "चालेल ना", त्या आता दुपारी तिला पोटाशी घेऊन झोपतात आणि आम्हाला आवाज करू देत नाहीत.

दिवाळीत येणार आहेस ना? चपला उंचावर ठेव.

तुझी,
मंजू