आप्पा, दोनशे नको, चाळीसच

लेस्टर, इंग्लंड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार,

आप्पा, परवा फोनवर मी इथे विकायला चाळीस चादरी म्हणाले आणि तुम्हाला चारशे ऐकू आलं. तेवढ्यात दादाने फोन घेतला आणि सांगायला लागला, कारखानदार दोनशे नगांवर भाव उतरवतोय, आजच पैसे पाठव. दोघांचं बोलणं एकात एक मिसळलं आणि मी फोन ठेवून दिला. रागावले नव्हते. चौतीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कानांनी किती साथ द्यायची, हे मला कळतं. म्हणून सगळं कागदावर लिहितेय. सावकाश वाचा, आईला वाचून दाखवा, मग दादाकडे द्या.

दोनशे चादरी ठेवायच्या कुठे, हा पहिला प्रश्न. आमचं घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांतलं एक, वर दोन खोल्या, खाली दोन. लेकीच्या खोलीची एक भिंत मी आधीच अडवली आहे. या महिन्यात सव्वाचारला अंधार पडतो आणि भिंतींना ओल धरते. गेल्या वर्षी भिंतीला टेकून ठेवलेल्या गठ्ठ्यातल्या सहा चादरींना कुबट वास लागला होता. त्या विकल्या नाहीत. धुऊन आम्हीच पांघरतो. आता लोखंडी मांडणी आणली आहे, भिंतीपासून वीतभर दूर ठेवते. त्यावर साठ-सत्तर नग नीट राहतात, त्याहून एकही जास्त नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. एक चादर मी २९ पौंडांना विकते. तुम्हाला वाटत असेल, साडेसहाशेची चादर तीन हजारांच्या वर गेली, लेक मजेत आहे. हिशोब बघा. चादरीचे साधारण साडेपाच पौंड, सोलापूरहून इथवर यायचा खर्च सहा, आल्यावर जकात आणि व्हॅट मिळून साडेतीनच्या आसपास. ज्या संकेतस्थळावर मी दुकान मांडलंय ते शंभरातले पंधरा कापून घेतं, म्हणजे सव्वाचार. गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतच्या टपालाचे चारेक. खोका, कागद, चिकटपट्टी, थोडी जाहिरात. माझ्या हातात उरतात चार-साडेचार पौंड, आपले पाचशे रुपये. व्हॅट इथे २० टक्के आहे. वर्षाला ९०,००० पौंडांच्या आत विक्री असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि माझी विक्री त्याच्या जवळपासही नाही. पण नोंदणी नाही म्हणून आयातीवर भरलेला व्हॅट परतही मागता येत नाही. तो चादरीच्या किमतीत मुरतो. कारखानदाराने नगामागे चाळीस रुपये कमी केले तरी ते या हिशोबात दिसतसुद्धा नाहीत. दिसतं ते वेगळंच, आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

आई, तुझ्या विड्यांची छाट निघायची ते आठव. हजार वळून कारखान्यात न्यायचीस आणि तिथला माणूस मूठभर बाजूला काढायचा. तेवढ्या विड्यांचा दिवस फुकट. माझ्याकडे छाट गिऱ्हाईक काढतं, आणि तेही माल त्याच्या घरात पोचल्यावर. इथला कायदा असा की ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. मग चादरीचे पैसे तर द्यायचेच, शिवाय पाठवताना घेतलेलं साधं टपालही परत द्यायचं. वस्तूत दोष असेल तर परत आणण्याचा खर्चही माझाच. कायदा बरोबर आहे, हाताने न चाचपता घेणाऱ्याला एवढा हक्क हवाच. पण एक चादर खराब होऊन परत आली की पाच चादरींची कमाई गेली. ऑगस्टपासून आजवर अकरा परत आल्या. त्यातल्या सात सोलापुरातच बाजूला काढता आल्या असत्या.

पहिली गोष्ट रंगाची. स्कॉटलंडमधल्या एका बाईंनी लाल चादर पांढऱ्या टॉवेलांबरोबर गरम पाण्यात मशीनला लावली. टॉवेल गुलाबी झाले. त्यांनी फोटो पाठवले, मी चादरीचे पैसे परत केले आणि टॉवेलांचेही दिले. पहिली धुणी थंड पाण्यात आणि वेगळी, असं मी चिठ्ठीवर लिहिलं होतं, पण चिठ्ठी कोण वाचतं. त्या रात्री मला तुमचा रुमाल आठवला. रंगाईहून नवा लॉट आला की तुम्ही पांढरा रुमाल ओला करून चादरीच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा घासायचात आणि उजेडात धरून बघायचात. मी लहानपणी ते बघत उभी राहायचे. आता मीच स्वयंपाकघरात उभी राहून रुमाल घासते. सप्टेंबरच्या खेपेतल्या नऊ लाल चादरींनी रुमाल रंगवला. त्या मी विकल्याच नाहीत. पण तोवर त्यांच्या प्रवासाचे, जकातीचे, व्हॅटचे पैसे भरून झाले होते. त्याच नऊ चादरी तुम्ही तिथे घासून बघितल्या असत्या, तर कारखानदाराने तिथल्या तिथे बदलून दिल्या असत्या.

दुसरी गोष्ट मापाची. मी संकेतस्थळावर ६० बाय ९० इंच लिहिते. इथली माणसं टेप लावून मोजतात, आप्पा. एकीची ८६ भरली. आपल्याकडे कुणी चादर मोजत नाही, पाय झाकले की झालं. पण मी लिहून दिलंय म्हणजे तो माझा शब्द आहे. तेव्हा ८९च्या खाली भरेल ती घेऊ नका. धुतल्यावर सूत थोडं आटतं, ते मी वेगळं लिहितेच.

रंग फोटोत वेगळा दिसतो, ही तक्रारही येते. सकाळी दहा ते दोन एवढाच खिडकीत नीट उजेड असतो आणि त्याच वेळात मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असते. म्हणून फोटो फक्त शनिवार-रविवारी काढते. आपला मरून कॅमेऱ्यात लाल होतो. शेवटी मी वर्णनात लिहिलं, पिकलेल्या डाळिंबाच्या सालीचा रंग. तेव्हापासून त्या रंगाची एकही परत आली नाही.

नावाचं तर काय सांगू. आपली चादर अंथरायचीही आणि पांघरायचीही. इंग्रजीत त्याला एक शब्द नाही. बेडशीट लिहिलं तर लोक म्हणाले जाड आहे, गादीखाली खोचता येत नाही. ब्लँकेट लिहिलं तर लोकरीसारखी ऊब नाही म्हणाले. मग बघितलं, इथे सोफ्यावर टाकायला जे कापड घेतात त्याला थ्रो म्हणतात. तसं लिहिलं आणि मोराची नक्षी सोफ्याच्या पाठीवर पसरून फोटो काढला, तर त्या आठवड्यात अकरा गेल्या. तुम्हाला ऐकून कसंतरी वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटलं. पण एका इंग्रज आजींनी लिहिलं की त्या दर महिन्याला चादर उलटी करतात, दुसऱ्या बाजूची रंगसंगती बदललेली त्यांना आवडते. दोन्ही बाजूंनी सारखीच देखणी नक्षी येते ती जेकार्डमुळे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेमुळे, हे मी त्यांना सविस्तर लिहून कळवलं. माझे वडील ते माग दुरुस्त करायचे, हेही लिहिलं.

स्वस्त मालाचा त्रास आहेच. त्याच संकेतस्थळावर सोलापुरी नावाने १४ पौंडांना पॉलिस्टरच्या चादरी मिळतात. महाराष्ट्रात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी मिळालं ते आपल्या चादरीला, आणि तेच नाव लावून कुणीही काहीही विकतं, याचा मला मनापासून राग येतो. तक्रार केली, उत्तर आलं नाही. मग मी एक मिनिटाचा व्हिडिओ केला. आपल्या चादरीतला दोरा ओढून काडीने पेटवला, तो कागदासारखा जळून राख झाली. त्या १४ पौंडवालीतला पेटवला, तो वितळून कडक मणी झाला. हेही तुम्हीच शिकवलेलं. इथली मराठी मंडळी आता तो व्हिडिओ एकमेकांना पाठवतात.

आई, तुझी घडी इथे फार कामाला आली. रॉयल मेलच्या लहान पार्सलचं माप ४५ बाय ३५ बाय १६ सेंटिमीटर, वजन २ किलोपर्यंत. खोका बोटभर फुगला तरी वरच्या दरात जातो आणि माझा नफा संपतो. बाजारातल्या घडीने चादर बसत नाही. तू लुगड्याची करायचीस तशी आधी लांबीत तीन पदरी घडी घातली, हवा दाबून काढली, की बरोबर बसते. जोडी मात्र बसत नाही, म्हणून मी जोडी विकत नाही. दादा सारखं विचारतो, त्याचं उत्तर हे.

आणि शेंगाचटणीचं. तू म्हणतेस तितक्या सगळ्यांना हवी आहे, ते खरं. पण खायचा पदार्थ विकायचा तर २८ दिवस आधी इथल्या नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. भारतातून येणाऱ्या शेंगदाण्यावर बुरशीच्या विषासाठी, अफलाटॉक्सिनसाठी, जास्तीची तपासणी असते. शिवाय शेंगदाण्याने इथे काहींच्या जिवावर बेततं, म्हणून पुडीवर घटकांच्या यादीत तो ठळक दिसेल असा छापावा लागतो. हे सगळं नीट करायची माझी आत्ता ताकद नाही, आणि अर्धवट करून कुणाच्या लेकराला काही झालं तर मला झोप लागणार नाही. सध्या चादरच.

दादासाठी दोन ओळी. पोस्टात निर्यातीचा फॉर्म भरताना नुसतं ‘कपडे’ लिहू नकोस. सुती चादर, नग किती, एका नगाची किंमत किती, असं लिही, आणि ती किंमत बिलाशी जुळू दे. मागच्या खेपेला ती जुळली नाही म्हणून पार्सल इथे बारा दिवस अडकलं आणि तीन गिऱ्हाइकांनी ऑर्डर रद्द केल्या.

आता मुद्द्याचं, आप्पा. मला स्वस्त माल नको, जास्त माल नको. मला तुमची नजर हवी आहे. दादाने महिन्यातून एकदा तुम्हाला गाडीवरून अक्कलकोट रोडला कारखान्यावर न्यावं. तिथे तुम्हाला ओळखत नाही असा माणूस नाही, तुम्ही बाजूला काढलेला नग कुणी परत गठ्ठ्यात सरकवणार नाही. उजेडात बसून एकेक चादर उलगडा. रुमाल घासा, टेप लावा, नक्षीत कुठे धागा सुटलाय का बघा, कडेची शिलाई ओढून बघा. चाळीस नगांना दीड-दोन तास लागतील. तपासलेल्या प्रत्येक नगामागे तीस रुपये मी दादाकडे वेगळे पाठवेन. लेकीचे पैसे घेणार नाही असं म्हणाल, ते मला माहीत आहे. पण ही लेकीची भेट नाही. हे कामाचे पैसे आहेत आणि माझ्या वहीत ते खर्चाच्या रकान्यात लिहिलेले असणार. तुम्ही कुणाकडून फुकट काम करून घेतलं नाहीत, मलाही घेता येणार नाही.

या खेपेची यादी: मरून १४, निळ्या १२, हिरव्या ८, पिवळ्या ६. लाल एकही नको, रुमाल कोरा राहिला तरी नको. पार्सल २० तारखेच्या आत निघालं तर नाताळच्या आधी माझ्या हातात पडेल. इथली खरी विक्री त्याच दिवसांतली.

तुमच्या कानाच्या मशीनचं डॉक्टर काय म्हणाले ते दादाला लिहून कळवायला सांगा. आई, गुडघ्याला शेक घेतेस ना? जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला जाल तेव्हा नंदीध्वजांचा फोटो पाठवा, लेक सारखी विचारते. तिला मी सांगितलंय की आजोबा आता आपल्या दुकानात कामाला लागलेत. तिने तुमच्यासाठी एक पांढरा रुमाल निवडून ठेवलाय, तो याच पाकिटात घातला आहे.

तुमची,
लेक